भुऱ्याचा खुराक

इमामबीने साठी उलटेपर्यंत कुत्र्याला कधी हात लावला नव्हता. कुत्र्यांचा तिला राग होता म्हणावं, तर तसंही नाही. दारात आलेल्या कुत्र्यावर तिने कधी दगड उचलला नाही. उन्हाळ्यात अंगणातल्या लिंबाखाली फुटक्या माठाच्या खापरात त्यांच्यासाठी पाणी भरून ठेवायची. पण पाच वक्तांची नमाज पढणारी बाई. कुत्र्याची लाळ लुगड्याला लागली की धुणं आलं. म्हणून भाकरीचा तुकडा टाकायचा तो चार हात लांबून, आणि कुत्रं लाडात येऊन जवळ सरकायला लागलं की काठी आपटायची, एवढाच तिचा त्या प्राण्याशी संबंध.

सावरखुटा हे तिचं गाव बुलडाणा-खामगाव रस्त्यापासून आत, जंगलाच्या अगदी कडेला. नवरा मेहबूब गवंडीकाम करायचा. तो गेल्यावर तिने बकऱ्या पाळल्या आणि त्यांच्या पाठीमागे रानोमाळ हिंडण्यात तिचे दिवस बरे जायला लागले. एकुलता एक मुलगा अकरम चिखलीत चिकनचं दुकान चालवत होता. "अम्मी, आता इकडेच या," म्हणून तो दर ईदेला मागे लागायचा. पण चिखलीच्या दोन खोल्यांत बकऱ्या कुठे बांधणार, हा तिचा प्रश्न असायचा.

पौषातली गोष्ट. नाल्याच्या काठाने बोरी लगडल्या होत्या. बकऱ्यांना बोरं आवडतात, म्हणून इमामबी काठीने फांद्या झोडपत उभी होती. आवडतात ती अस्वलांनाही. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सकाळी चांगलं ऊन वर आल्यावर अस्वल नाल्यात असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. बकऱ्या एकदम उधळल्या. तिने वळून पाहिलं, तर काळं, झिपरं जनावर दोन पायांवर उभं, आणि त्याच्या मागे झुडपात पिल्लू.

पिल्लू असलेलं अस्वल म्हणजे काय, हे त्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. इमामबी मागे सरकली, दगडावरून पाय घसरला आणि ती मनगटावर पडली. अस्वल खाली आलं आणि तिच्याकडे धावलं.

तेवढ्यात शेजारच्या तुरीतून काहीतरी तांबूस सुटलं. त्या तुरीचा मालक शेषराव, त्याचा कुत्रा भुऱ्या. पंचफुलाने, म्हणजे शेषरावच्या बायकोने, खामगावच्या बाजाराहून येताना रस्त्याच्या कडेला कुडकुडणारं एक पिल्लू पदरात घालून आणलं होतं, तेच हे. अंगापिंडाने बेताचाच. पण तो त्या अस्वलाच्या आणि इमामबीच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि असा भुंकला की नाला दणाणून गेला. अस्वलाने पंजा मारला. भुऱ्या कोलमडला, उठला, पुन्हा अंगावर गेला. मागून शेषराव फवाऱ्याची रिकामी कॅन बडवत, शिव्या घालत धावत आला. अस्वलाने पिल्लाला पुढे घातलं आणि जंगलाची वाट धरली.

"चाची, लागलं का कुठी?" शेषरावने तिला हात देत विचारलं.

"मले काई नाई झालं भाऊ. याले पाहा, याले."

भुऱ्याच्या खांद्यावरून रक्त ओघळत होतं. तो लंगडत आला आणि तिच्यापासून थोडा दूर थांबला. या बाईच्या फार जवळ गेलं की काठी आपटते, हे त्यालाही माहीत होतं. इमामबीला ते कळलं. तिनेच हात पुढे केला, त्याच्या डोक्यावर ठेवला, आणि इतका वेळ न आलेलं रडू तिला तेव्हा आलं.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, पूनम मॅडम, यांनी जखम शिवली, रेबीजची सुई टोचली आणि मलम कसं लावायचं ते दाखवलं. इमामबीचं मनगट नुसतं मुरगळलं होतं. चिखलीहून अकरम धावत आला. आईला धडधाकट पाहून तो आधी तिच्या गळ्यात पडला, मग शेषरावच्या, आणि शेवटी ओसरीत पोत्यावर पडलेल्या भुऱ्यापुढे मांडी घालून बसला.

"काका," तो शेषरावला म्हणाला, "आजपासून याचा खुराक माह्याकडे. तुमी काई बोलू नोका."

"अरे, तो भाकर खाते. ताकात कुस्करून देल्ली की झालं त्याचं."

"भाकर खाते म्हणूनच म्हणतो. माह्या मायले वाचवलं त्यानं. मी त्याले कोरडी भाकर खाऊ देऊ?"

अकरमने वर्षभरापूर्वी दुकानात मोठा फ्रीजर घेतला होता. साध्या चिकनबरोबर तो आता पाकिटबंद मालही ठेवायचा: सॉसेज, सलामी, नगेट. कॉलेजची मुलं न्यायची, चायनीजच्या गाड्यावाले न्यायचे. आठवड्यातून दोनदा तो चिखलीहून येणाऱ्या जीपमध्ये भुऱ्याच्या नावाची पिशवी ठेवायला लागला. पंचफुलाने पहिलं पाकीट फोडलं आणि नाकाला पदर लावून हसली.

"हे काय हो चाची? गुलाबी गाजरं?"

"चिकनचीच हायेत म्हणे. शहरातले लोक नाश्त्याले खातात."

"मंग भुऱ्या आता शहरातला झाला म्हणा."

तेव्हापासून त्या वस्तूचं नाव चिकनची गाजरं असंच पडलं. इमामबीने एक चाखून पाहिलं होतं. तिला ते खारट लागलं, लसणाचा वास आला, आणि हे लोक मिठाचा एवढा मारा का करतात असं वाटून तिने उरलेलं बाजूला सारलं. भुऱ्याला मात्र ते असं आवडलं की जीपचा हॉर्न ऐकला की तो फाट्याकडे निघायचा.

खुराक देण्याचं काम इमामबीने स्वतःकडे घेतलं. पहिल्या दिवशी तिने लांबून टाकलं. मग थोडं जवळून. मग ताटलीत घालून पुढे सरकवलं. एकदा तिने तुकडा बोटांत धरला आणि भुऱ्याने तो इतक्या अलगद घेतला की तिच्या बोटांना दात लागला नाही. हात धुवावे लागले, ते तिने धुतले. पण धुताना ती हसत होती.

"आता यानं भाकरीकडे पाहनंच सोडलं," पंचफुला एक दिवस म्हणाली. "अन् पानी किती पेते बापा! बादली रिकामी करते."

"थंडीत एवढं पानी?" इमामबीला जरा चमत्कारिक वाटलं. "काई होनार तं नाई ना त्याले? लय खारट हाये ते."

शेषराव बाजेवर पडून रेडिओ ऐकत होता. "चिकनच तं हाये चाची. मानूस खाते, त्याले काई होत नाई. मंग कुत्र्याले काय होनार? कुत्रं तं हाडकं पचवते."

बोलणं पटण्यासारखं होतं. इमामबीला पटलं.

जखम भरली, केस यायला लागले, तसा अकरम मुद्दाम दुकान बंद ठेवून गावात आला. येताना पिशवी भरून पाकिटं. त्या दिवशी इमामबीने चूल पेटवली, कढईत डालडा सोडला आणि ती सगळी गाजरं लालसर होईस्तोवर परतली. घरात बिर्याणी झाली होती, शेषराव-पंचफुलाकडे ताट गेलं होतं. भुऱ्यालाही त्या दिवशी ताट मिळालं, लिंबाखाली, माणसासारखं. तो खात राहिला आणि इमामबी वाढत राहिली. कढईच्या तळाचा डालडाही तिने त्याच्या ताटात निपटून घातला. पोट नगाऱ्यासारखं झालं तेव्हा कुठे तो थांबला.

"घे बापा," ती म्हणाली. "तुह्या जिवावर मी हे चूल पेटवली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुला नांदुऱ्याला लेकीकडे निघाली होती. हातात पिशवी घेऊन ती इमामबीच्या अंगणात निरोप सांगायला आली, तर भुऱ्या लिंबाखाली होता. पुढचे पाय लांब पसरलेले, छाती जमिनीला टेकलेली, मागचा भाग वर. तसाच थांबलेला, इमामबीच्या उंबऱ्याकडे तोंड करून.

"पाहा चाची!" पंचफुलाला कौतुक आवरेना. "तुमाले दंडवत घालून राह्यला. काल पोटभर जेवला ना, त्याचे आभार मानून राह्यला."

इमामबीला भरून आलं. "अरे, तू काऊन मानतो बाबा आभार," ती म्हणाली, "ते तं मी मानाले पायजे." दोघी जणी हसल्या, आणि पंचफुला बस पकडायला गेली.

ऊन चढेपर्यंत भुऱ्या तीनदा ओकला. आधी गुलाबी, मग पिवळं, मग नुसता फेस. पाण्याकडे जायचा, चार घोट प्यायचा आणि तेही बाहेर. चालायचा तेव्हा पाठीचं धनुष्य व्हायचं. मध्येच थांबून पुन्हा तसाच पुढचे पाय पसरायचा, आणि आता इमामबीने जवळ जाऊन पाहिलं, तर त्याच्या डोळ्यांत आभार-बिभार काही नव्हते. तो कण्हत होता. तिने पोटाला हात लावला, तो कळवळला. पण चावला नाही.

ती तशीच, चप्पल न घालता, शेषरावच्या शेतात धावली.

शेषरावने येऊन कुत्र्याला पाहिलं मात्र, त्याचा चेहरा बदलला. "थिमेट," तो म्हणाला. "डुकरांसाठी ते इष टाकलं असन वरच्या शेतात त्या लोकायनं. म्या सांगतलं होतं, असं काई टाकू नोका म्हनून. पाहतो आता एकेकाले."

"आंधी दवाखाना भाऊ. पाहाचं ते मंग पाहाजो."

गावात त्या वेळी एकही जीप नव्हती. शेषरावची मोटरसायकल होती. त्याने गोधडीत गुंडाळलेल्या भुऱ्याला उचललं आणि इकडेतिकडे पाहायला लागला. एका हाताने कुत्रं धरून गाडी चालवता येत नाही. इमामबी मागच्या सीटवर चढून बसली आणि तिने मांडी पुढे केली.

"चाची, तुमाले चालन का? तुमचे कपडे—"

"कपडे धुता येतात. आन त्याले इकडे."

रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक हिसक्याला भुऱ्या कण्हायचा आणि इमामबी त्याचं डोकं छातीशी धरायची. वाटेत तो तिच्या लुगड्यावर ओकला. तिने पदराच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं आणि तोंडाने जी येईल ती दुआ म्हणत राहिली. माणसासाठी म्हणायच्या दुआ कुत्र्यासाठी चालतात की नाही, याचा विचार करायला त्या रस्त्यावर सवड नव्हती.

दवाखान्यात पूनम मॅडम एका गाईला सलाईन लावत होत्या. गोधडी पाहून त्या लगेच आल्या. शेषराव दारातूनच बोलायला लागला. "मॅडम, इष दिलं कोनीतरी. थिमेट असन. तुमी लिहून देजा, मी पोलिसात जातो."

"बघते आधी." त्यांनी भुऱ्याचा ओठ वर करून हिरडी दाबली, पापणी उघडून बाहुली पाहिली, पोट चाचपलं. "तोंडातून लाळ गळत होती का? अंगाला झटके?"

"ओकला, मॅडम. लय ओकला," शेषराव म्हणाला.

मॅडमनी औषधाची कुपी हातात घेतली, पण सुई भरण्याआधी त्या थांबल्या. "विषावरचं औषध वेगळं असतं आणि ते उगाच देऊन चालत नाही. कालपासून याने काय काय खाल्लं, मला नीट सांगा."

शेषराव म्हणाला, "काई नाई, नेहमीचंच."

"थांबा मॅडम," इमामबी पुढे झाली. तिच्या लुगड्यावर ओकारी वाळली होती. "नेहमीचं नाई. म्या चारलं. काल लय चारलं. ते पाकिटातलं चिकन येते ना, लांब लांब, ते. डालड्यात परतून देल्लं. पिशवीभर असन."

"सॉसेज? आणि रोजही देत होता?"

"जखम झाली तेव्हापासून. त्याले आवडते म्हनून." मग तिने विचारलं, "इष म्याच देल्लं का मॅडम?"

पूनम मॅडमनी कुपी खाली ठेवली. "विष नाही आजी. आणि बरं झालं बोललात, नाहीतर मी भलत्याच वाटेने गेले असते." त्या सलाईनची बाटली लावता लावता सांगत राहिल्या. "ते माणसांसाठी बनवलेलं असतं. टिकावं म्हणून त्यात मीठ भरपूर, चरबी भरपूर, वर कांद्या-लसणाची पूड. एखादा तुकडा चुकून खाल्ला तर बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही. पण रोज दिलं की एवढं मीठ त्याच्या शरीराला झेपत नाही. आणि एका वेळी इतकं तेलकट पोटात गेलं की आतलं स्वादुपिंड सुजतं, जाळल्यासारखं दुखतं. तो पुढचे पाय पसरून, मागून वर होऊन बसत होता का?"

"हाव. दंडवत घातल्यावानी."

"पोटात कळ आली की कुत्री तशी बसतात. तेवढाच आराम पडतो त्यांना."

सकाळी आपण त्या कळेवर हसलो होतो, एवढंच इमामबीच्या डोक्यात फिरत होतं.

वरच्या शेतवाल्यांवरचा राग आता कुठे ठेवावा हे शेषरावला कळेना. इमामबी त्याच्याकडे वळली. "भाऊ, तुह्या लेकरासारखं कुत्रं. त्यानं मले वाचवलं, अन् म्या त्याचं हे केलं."

"चाची, काय बोलता!" शेषराव एकदम म्हणाला. "लाडानं चारलं तुमी. अन् मानूस खाते तं कुत्र्याले काय होते, हे कोन बोललं होतं? म्याच ना? तुमी तं तेव्हाच इचारलं होतं, खारट हाये म्हनून." त्याने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "अन् आत्ता तुमी खरं सांगतलं नसतं तं मी तिकडे लोकायची डोकी फोडाले गेलो असतो. माह्या हातून पाप होता होता राह्यलं."

भुऱ्याला त्या दिवशी दवाखान्यातच ठेवलं. मॅडमनी रक्त काढून बुलडाण्याला तपासायला पाठवलं. दुखण्याची सुई, ओकारीची सुई, सलाईन. सावरखुट्याला परतल्यावर इमामबीने आंघोळ केली, लुगडं दोनदा धुतलं आणि नमाजेला बसली. शेजारच्या एका बाईने कुंपणावरून विचारलंच, कुत्र्याला मांडीवर घेतलं म्हणे?

"घेतलं," इमामबी म्हणाली. "लुगडं धुऊन वायत घातलं, ते पाहा तारेवर. जीव गेला असता तं कुठी वायत घातला असता?"

संध्याकाळी अकरमचा फोन आला. तिने सगळं सांगितलं.

"अम्मी, मैं तो अच्छा माल भेजा था," तो म्हणाला. "ताजा. खराब नहीं था."

"माल अच्छा ही था बेटा. उसके वास्ते नहीं था."

दुसऱ्या दिवशी अकरम चिखलीहून थेट दवाखान्यात आला. भुऱ्या पिंजऱ्यात आडवा होता, पायाला नळी. अकरमला पाहून त्याने शेपटी जमिनीवर एकदा आपटली. तेवढी ताकद त्याने कुठून आणली कोण जाणे. अकरमने तोंड फिरवलं. मग तो मॅडमना म्हणाला, "दुकानात येतात लोक, मॅडम, कुत्र्यासाठी न्याले. मीच त्याइले सांगतो, कुत्र्याले लय आवडते म्हनून."

"आवडतं हे खरंच आहे," मॅडम म्हणाल्या. "पुढचं अर्धं आता तुम्ही सांगत चला."

पंचफुला नांदुऱ्याहून परतली ती पिशवीसकट दवाखान्यात. इमामबीला पाहताच तिच्या गळ्यात पडून म्हणाली, "चाची, आपन दोघी हासलो हो त्याले. मले तं त्याच्या डोयाले डोया लावाची लाज वाटते." त्या दोघी आळीपाळीने तिथे बसल्या. एकीने यायचं, एकीने शेषरावच्या तुरीचं आणि इमामबीच्या बकऱ्यांचं पाहायचं. दवाखान्यात बसणारीचा डबा घरी राहिलेली भरून द्यायची.

ओकारी थांबली. रक्ताचा अहवाल आला. लसूण-कांद्याने अंगातलं रक्त थोडं कमी झालं होतं, पण भरून येण्यासारखं. मॅडमनी खायला द्यायची परवानगी दिली: बिनमिठाचा, बिनतेलाचा मऊ भात, त्यात उकडलेल्या कोंबडीचे बारीक तंतू. थोडं थोडं, दिवसातून चार-पाचदा.

इमामबीने आयुष्यभर रांधलं होतं, पण बिनमिठाचं असं कधी रांधलं नव्हतं. सवयीने तिचा हात दोनदा मिठाच्या बरणीकडे गेला आणि दोनदा तिने तो मागे घेतला. कोंबडी तिने कातडी काढून, वरची चरबी निपटून शिजवली. डबा पदरात धरून पहिल्या जीपने ती दवाखान्यात पोचली.

भुऱ्याने डब्याचा वास घेतला. मान फिरवली. मग तिने दोन बोटांत चिमूटभर भात घेतला आणि त्याच्या तोंडापाशी नेला. तो तिच्याकडे पाहत राहिला. मग जीभ बाहेर आली आणि तिची बोटं, तळहात, सगळं चाटून पुसून स्वच्छ झालं. तिने पुन्हा चिमूट घेतली.

"अल्ला, तेरा शुक्र," ती म्हणाली. पंचफुला दारात उभी होती. तिने गजानन महाराजांचं नाव घेतलं. मॅडम मागून म्हणाल्या, "आज दोन्हीकडे पोचलं बघा."

घरी सोडायच्या दिवशी इमामबी मॅडमसमोर उभी राहिली. तिच्या मनात बरेच दिवस एक गोष्ट खुपत होती. "मॅडम, एक इचारू? याचे उपकार माह्यावर हायेत. मानसाचे असते तं जेवाले बोलावलं असतं, कपडा केला असता. याले मी काय देऊ? जे द्याले गेली ते त्याच्या जिवावर आलं."

पूनम मॅडम हसल्या नाहीत. "त्याला आवडेल ते नको, त्याला मानवेल ते द्या. भाकरी, थोडं ताक, कधी बिनमिठाची अंडी. स्वच्छ पाणी. आणि आजी, तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर माझं एक काम आहे. तुमच्या गावात मी रेबीजच्या लसीचं शिबिर लावते, दर वेळी दोन-तीन कुत्री येतात. लोक म्हणतात, गावातली कुत्री, त्यांना कशाला सुया. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

"माहं कोन ऐकन?"

"कुत्र्याला मांडीवर घेऊन मोटरसायकलवर आलेल्या बाईचं ऐकतील."

आणि खरोखर, पुढच्या पंधरवड्यात इमामबी बकऱ्या सोडायच्या आधी घरोघर फिरली. ज्यांची कुत्री होती त्यांना सांगितलं, ज्यांची नव्हती त्यांना गल्लीतली कोणती कुत्री कोणाच्या भाकरीवर जगतात ते विचारलं. आधी भुऱ्याचं सांगायची, मग शिबिराचं. सांगता सांगता चिकनच्या गाजरांचंही निघायचंच. कोणी म्हणायचं, आम्ही पण बिस्किटं देतो, फरसाण देतो, ते चालतं का? "मॅडम येतील तव्हा इचारजा," ती सांगायची. "मले सारं माईत नाई. मीठ नोको, एवढं मले कयलं."

वरच्या शेतवाल्यांच्या घरीही ती गेली. त्यांनी तिला चहा दिला, आणि डुकरांसाठी आम्ही औषध टाकत नाही चाची, आम्ही कुंपणाला बॅटरीवरची झटक्याची तार लावली, असं आपणहून सांगितलं. शेषरावने ते ऐकलं तेव्हा तो नुसता "हाव का" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे पाटीभर ओल्या तुरीच्या शेंगा पाठवल्या.

शिबिराच्या दिवशी शाळेसमोरच्या पटांगणात कुत्र्यांचा असा मेळा भरला की मॅडमना लसीची आणखी एक पेटी मागवावी लागली. दोरीला बांधलेली, सुतळीला बांधलेली, एक तर जुन्या ओढणीला बांधलेलं. अकरम चिखलीहून चहाचा थर्मास आणि बिस्किटांचे पुडे घेऊन आला होता. "मानसायसाठी हायेत," असं तो प्रत्येकाला दोनदा बजावत होता. त्याच्या दुकानात आता कोणी कुत्र्यासाठी सॉसेज मागितलं की तो आधी सावरखुट्याची हकीकत सांगतो आणि मग साधं, बिनमसाल्याचं चिकन तोलून देतो. काही गिऱ्हाइकं चिडतात. बहुतेक ऐकतात.

एक दांडगं काळं कुत्रं कोणालाच आवरेना. धरणारा दोनदा पडला. इमामबी उठली, लुगडं खोचलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्याच्या मानेवर हात ठेवून ती हळूहळू काहीतरी बोलत राहिली. काय ते कोणाला ऐकू आलं नाही. कुत्रं थरथरलं, मग शांत झालं, आणि मॅडमनी सुई टोचली.

"चाची, तुमाले भेव नाई वाटलं?" पंचफुलाने विचारलं.

"वाटलं ना," इमामबी म्हणाली. "त्याले बी वाटत होतं. दोघायनं मिळून थोडं थोडं वाटून घेतलं." मग ती उठली, नळावर जाऊन हात धुतले, आणि पुढचं कोणाचं कुत्रं आहे म्हणून विचारायला लागली.